तीन पाळ्यांचं नाटक

थंडी पडली की आमच्या घरी दोन गोष्टी हमखास येतात. एक लाखोळीची कोवळी भाजी, जिला इथले लोक तिवरा म्हणतात. आणि दुसरा मराठी मंडळाचा सेक्रेटरी. भाजी निवडावी लागते, सेक्रेटरीला नुसतं ऐकून घ्यावं लागतं. यंदाचा सेक्रेटरी तरुण आहे, नम्र आहे, आणि त्याच्या मोबाइलमध्ये स्नेहसंमेलनाचं अख्खं वेळापत्रक रंगीत चौकोनांत भरलेलं आहे. हिरव्यात स्वागत, पिवळ्यात सत्कार, गुलाबीत मनोगतं.

"काका, इस बार एक-एक मिनिट फिक्स आहे. गडबड होणारच नाही."

गडबड होणारच नाही, हे वाक्य ऐकलं की मी अजूनही भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतो. पलीकडे परातीत भाजी निवडत बसलेल्या माझ्या बायकोने, कुंदाने, मान वर केली नाही. तिने फक्त विचारलं, "बाळा, नाटक कोणत्या रंगात आहे?"

"नाटक कोण बघणार काकू आजकाल? दोन स्किट ठेवलेत."

"बरं," कुंदा म्हणाली, आणि एक पिवळं पान बाजूला टाकलं.

भिलाईच्या स्मृति नगरातल्या या घरात आता पाळ्या उरलेल्या नाहीत. सकाळ सकाळीच होते आणि रात्र रात्री. तरीही हिवाळ्यातल्या संध्याकाळी हवा जड झाली, धूर खालीच रेंगाळायला लागला, की मला आमचं सेक्टरातलं क्वार्टर आठवतं. नागपूरहून येणाऱ्या पत्रांवर तेव्हा म. प्र. लिहिलेलं असे. शेगडीतल्या कोळशाचा वास स्वेटरला चिकटून असे. संध्याकाळी स्टील प्लांटच्या बाजूला भट्टीतली तापलेली मळी ओतली की सगळं आभाळ लाल व्हायचं, आणि पाहुणे आलेले असले तर ते घाबरून उभे राहायचे. आम्ही मान वर न करता चहा प्यायचो. आम्हाला आभाळाची भीती नव्हती, घड्याळाची होती.

मी टाइम ऑफिसात होतो. म्हणजे कोण आत गेलं आणि कोण बाहेर आलं हे लिहिणाऱ्यांपैकी एक. एवढ्यावरून मंडळाने असा समज करून घेतला होता की काळावर माझी काही सत्ता आहे. सत्तरचं दशक संपत आलेलं. मंडळाने त्या हिवाळ्यात तीन अंकी नाटक करायचं ठरवलं आणि त्याची वेळ बसवण्याचं काम माझ्याकडे आलं.

आमचे अध्यक्ष देवपुजारी साहेब हे प्लांटमध्ये मोठ्या दुरुस्त्यांचं नियोजन करायचे. भट्टी बंद ठेवून दुरुस्त करायची आणि ठरलेल्या घटकेला पुन्हा पेटवायची, हे त्यांचं आयुष्य. त्यांनी मला एक भलामोठा ड्रॉइंग पेपर दिला आणि म्हणाले, "भाऊसाहेब, शेवटापासून मागे मोजत यायचं. भट्टी कधी पेटवायची ते आधी ठरतं. मग बाकी सगळं आपोआप बसतं."

मी तो कागद पुढच्या खोलीत, पलंगाच्या वर खिळ्यांनी ठोकला. रोज दाढी करताना तो मला आरशात उलटा दिसायचा. उलटा तो सुलट्यापेक्षा खरा वाटे.

बाहेरच्या माणसाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्लांटमध्ये तीन पाळ्या असत. फर्स्ट शिफ्ट पहाटेपासून दुपारी दोनपर्यंत, सेकंड दोनपासून रात्री दहापर्यंत, आणि मग नाईट. आठवडा बदलला की पाळी बदले. माझ्यासारखे कारकून आणि देवपुजारींसारखे साहेब जनरल शिफ्टवाले. आमचा रविवार रविवारीच यायचा. पण मंडळात भंडाऱ्याकडून आलेले पाळीवाले कामगारही होते, आणि त्यांचा रविवार कधी बुधवारी यायचा, कधी शुक्रवारी. घरोघरी दिवसा काळोख करून झोपलेली माणसं असायची. पोरं अंगणात कुजबुजत खेळायची. अशा गावात संध्याकाळी सहा वाजता सगळे एकत्र जमू म्हणणं हे भाबडेपणाचं लक्षण होतं, आणि आमचं मंडळ दर वर्षी ते म्हणत असे.

त्यावर आम्ही एक तोड काढली होती. प्लांटमध्ये दुसरा माणूस आल्याशिवाय आपली जागा सोडता येत नाही. आम्ही ते उलटं करून तालमीत आणलं. ज्याची ड्यूटी असेल त्याच्या जागी दुसरा कोणी त्याची वाक्यं वाचून दाखवायचा. त्याला आम्ही बदली म्हणायचो. मी सगळ्यांचाच बदली होतो. कधी नायक, कधी सासरा, कधी गावाहून आलेली आत्या. दिग्दर्शन सगळे मिळून करत, म्हणजे कोणीच करत नसे. खरी माणसं एकमेकांसमोर यायची ती थेट प्रयोगाच्या दिवशी. लग्नात पूर्वी नवरा-नवरी जशी अंतरपाट दूर झाल्यावर एकमेकांना पाहत, तसं काहीसं.

या पद्धतीची किंमत आदल्या वर्षी कुंदाने मोजली होती. लग्नाआधी नागपुरात कॉलेजच्या नाटकांतून ती कामं करायची. मी पाहिली नाहीत. पण पाहिलेली माणसं तिच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणत. मग लग्न, भिलाई, दोन मुलं. कितीतरी वर्षांनी मंडळाच्या एका एकांकिकेत तिला घेतलं. तालमीत तिचा नवरा मीच, म्हणजे नवऱ्याचा बदली. प्रयोगाच्या दिवशी खरा नवरा थेट ड्यूटीवरून आला, झुपकेदार मिशांचा, भुवयांत काजळी. ती त्याच्याकडे पाहत राहिली आणि तिचे शब्द गेले. गेले ते आलेच नाहीत. कोणीतरी पडदा ओढला. सभागृहात टाळ्या पडल्या. कीव आली की टाळ्या पडतात, हे मला तेव्हा कळलं. घरी येऊन तिने पोळ्या केल्या.

म्हणून त्या वर्षी मंडळाने तिलाच मोठी भूमिका द्यायची ठरवली तेव्हा मी घाबरलो. नाटक साधं घरगुती होतं. आईबापांमागे घर सांभाळणारी थोरली बहीण, तिला सगळे अक्का म्हणतात, आणि वाटणी मागणारे दोन भाऊ. तिसऱ्या अंकात मोठा भाऊ रागावून घर सोडतो, थोड्या वेळाने परत येतो, आणि मग दोघा भावांपुढे अक्काचं एक लांब बोलणं आहे. त्या बोलण्यासाठीच बाकीचं नाटक लिहिलेलं असावं.

कुंदाने ते बोलणं उभ्याने वाचलं, हाताला कणीक तशीच.

"करीन मी," ती म्हणाली. "पण हा प्रवेश एकदा तरी दोघं भाऊ समोर असताना झाला पाहिजे. बदलीसमोर नाही. खऱ्या माणसांसमोर."

"आणि नाही जमलं तर?"

"तर दुसरी पाहा."

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी मले विचारू नका."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिचा आवाज भाजीचा भाव सांगावा इतका सपाट होता. त्या दिवसापासून ड्रॉइंग पेपरवरचे रकाने मला नाटकाचे दिसेनात. त्या सगळ्या रेघांत मी फक्त एक मोकळी जागा शोधत होतो, जिथे तीन माणसं एका वेळी उभी राहू शकतील.

मोठा भाऊ होते गजानन कापगते. साकोलीकडचे, रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवणारे. गावाकडे धान निघालं की झाडीपट्टीत रात्रभर नाटकं चालतात, त्यांत लहानपणापासून उभे राहिलेले. आवाज असा की सभागृहाला माइकची गरज नसे. वेळापत्रक पाहून ते म्हणाले, "आमच्या गावात नाटक कोंबडं आरवेपर्यंत चालते जी. तुमी मले नवाच्या आत रुसाले सांगून राहिले. माणसाले रुसाले तरी येळ द्या."

धाकटा भाऊ अशोक डोंगरे. चरोद्याच्या रेल्वे कॉलनीत वडिलांकडे राहायचा, प्लांटमध्ये नवीनच लागलेला. दिसायला देखणा, पाठांतर चोख. पण राग आला की तो हिंदीत जायचा, आणि धाकट्या भावाला दुसऱ्या अंकभर राग होता. "अक्का, तू समजतच नाहीस, हर बार तुम्हारा ही…" असं म्हणून तो थांबायचा आणि कान पकडायचा.

या दोघांच्या पाळ्या मी मांडल्या तेव्हा लक्षात आलं की आम्ही काय करून बसलो आहोत. आवाज पाहून मोठा भाऊ निवडला, चेहरा पाहून धाकटा. पाळी कोणी पाहिलीच नाही; टाइम ऑफिसातल्या माणसानेही नाही. कापगते फर्स्टला असत तेव्हा डोंगरे सेकंडला. कापगते सेकंडला तेव्हा डोंगरे नाईटला. एक जागा तेव्हा दुसरा ड्यूटीवर किंवा झोपेत. कापगते नाईटला आणि डोंगरे फर्स्टला असा आठवडा आला, तर त्यातल्या संध्याकाळी दोघं मोकळे. पण असा एक आठवडा धान कापायला कापगते गावी गेले त्यात निघून गेला, त्यांची सगळी रजाही त्यातच संपली, आणि पुढचा येणारा आठवडा तर प्रयोगाचाच. शेवटापासून मागे मोजत आल्यावर मला जागा सापडली ती शेवटाचीच.

त्या दिवसांत माझी भूक गेली. ऑफिसात हजेरी लिहिताना मला प्रत्येक नाव कोणत्या तरी नाटकातलं वाटे. लोक म्हणतात वेळापत्रक आखलं की काळजी कमी होते. माझा अनुभव वेगळा आहे. वेळापत्रक म्हणजे काळजीलाच पाडलेले रकाने. आधी एकच मोठी धास्ती असते, आखल्यावर तिच्या लहान लहान धास्त्या होतात आणि प्रत्येकीला आपापली वेळ मिळते.  घरी कुंदा अक्काचं बोलणं पाठ करायची ते कपडे वाळत घालताना, दोरीवरच्या शर्टांना उद्देशून. दारामागून मला शब्द ऐकू यायचे नाहीत, फक्त चाल ऐकू यायची. ती कुठेही अडखळत नव्हती. त्यानेच माझा जीव जास्त टांगणीला लागायचा.

तोड काढली ती डोंगरेने, तीही कंटाळून. "भाऊ, गेटवरच मिलते है ना. ते बाहेर येतात, मी आत जातो."

कापगते फर्स्टला आणि डोंगरे सेकंडला असलेल्या आठवड्यातली ती दुपार. कापगत्यांच्या जागी येणारा माणूस लवकर यायला तयार झाला. सुटीच्या आधी बाहेर पडायला गेटपास लागे. तो फोरमनने दिला, नाटकाच्या पहिल्या रांगेतल्या दोन खुर्च्यांच्या बदल्यात. डोंगरे घरून लवकर निघाला. आणि कुंदा, जी तोपर्यंत कधी प्लांटच्या गेटपर्यंत आली नव्हती, ती रिक्षाने आली, शाल घट्ट लपेटून, हातात कागद न घेता.

सायकल स्टँडच्या पत्र्याखाली आम्ही उभे राहिलो. एकाला एक टेकलेल्या सायकलींचं रान. दोघंही पुरुष खाकी कपड्यांत, पायांत लोखंडी टोकाचे बूट, एकाच्या कपड्यांना ग्रीसचा वास, दुसऱ्याच्या साबणाचा. कुंदाने आधी दोघांकडे नीट पाहून घेतलं, विकत घ्यायची वस्तू पाहावी तसं.

"असंच पाहून राहाल का वहिनी?" कापगते म्हणाले.

"पाहू द्या. मागच्या वर्षी पाहिलं नव्हतं, तर किती महागात पडलं."

मग तिने सुरुवात केली. सेकंड शिफ्टची माणसं सायकली लावत होती. ती थांबू लागली. कोणाला वाटलं खरंच भांडण आहे. एक छत्तीसगढी म्हातारा डोंगरेला म्हणाला, "दीदी ला झन रोवा बाबू," म्हणजे ताईला रडवू नको, आणि डोंगरे ओशाळून मराठीतच बोलला, पहिल्यांदाच सगळं मराठीत. लांब बोलणं आलं. कुंदाचा आवाज पत्र्याखाली घुमत होता. ती दोन्ही भावांकडे आळीपाळीने पाहत बोलत होती, आणि कापगत्यांनी, जे रात्रभर नाटकं करणारे गडी, त्यांनी नजर खाली घातली. भोंगा झाला तेव्हा अर्धंच झालं होतं. डोंगरे पळत आत गेला. कुंदा शाल सारखी करून म्हणाली, "अर्धं तर अर्धं. आता मले चेहरे माहीत झाले."

तिने होकार दिला. मी मात्र निर्धास्त झालो नाही. मला आता उरलेल्या अर्ध्याची काळजी लागली.

प्रयोगाच्या संध्याकाळी मी विंगेत उभा होतो, वेळापत्रक हातात गुंडाळून. नाटक नवाच्या आत संपायलाच हवं होतं, कारण कापगत्यांना नाईट होती, आणि सभागृहातले निम्मे पुरुषही डबा बरोबर घेऊनच आले होते. मी मुद्दाम थोडी सैल जागा ठेवली होती. पण सैल जागा दिसली की समारंभ तिथे येऊन बसतो. दीपप्रज्वलनाची काडी तीनदा विझली. स्वागतगीताला दोन कडवी वाढली. प्रमुख पाहुणे उशिरा आले आणि मराठी माणसाच्या मेहनतीबद्दल हिंदीत इतकं चांगलं बोलले की त्यांना थांबवणं कृतघ्नपणा ठरला असता. देवपुजारी साहेबांनी प्रास्ताविकात वेळेचं महत्त्व सांगितलं, सविस्तर.

दुसरा अंक संपला तेव्हा माझ्या कागदाला अर्थ उरला नव्हता. साहेब आत आले. "भाऊसाहेब, शेवटचा प्रवेश गाळा. मोठा भाऊ निघून गेला की पडदा."

"साहेब, तो परत येतो त्याच्यावर तर सगळं नाटक आहे."

"अहो, भट्टीतसुद्धा काही कामं पुढच्या रिपेअरला ढकलतात."

"तुमचं आभारप्रदर्शन ढकलता येईल का?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी भट्टीच विझवायला सांगितली. आणि खरं सांगायचं तर आभार गाळूनही पुरलं नसतं. कापगते पोचल्याशिवाय तिकडे सेकंडचा माणूस क्रेनवरून उतरू शकत नव्हता.

कुंदाला सांगायला मीच गेलो. ती सेटवरच्या दाराच्या चौकटीमागे पदर खोचत होती.

"शेवटचा प्रवेश नाही," मी म्हणालो. "तो गेला की पडदा."

"माझं बोलणं?"

"नाही."

तिने कापगत्यांकडे पाहिलं. ते पाठमोरे, मफलर शोधत होते. डब्याची पिशवी खांद्याला आधीच अडकवलेली. "बरं," ती म्हणाली. मला तिचा मागच्या वर्षीचा चेहरा दिसू लागला. आता ती स्टेजवर जाईल आणि शब्द जातील, आणि या वेळी चूक तिची नसेल, आमची असेल, तरी टाळ्या तशाच पडतील.

तिसरा अंक सुरू झाला. कापगते गरजले, डोंगरे मराठीत भांडला. "चाललो मी," म्हणून कापगते निघाले. त्यांनी उजव्या विंगेत जायचं होतं. पण तिथून सायकलीकडे जायला वळसा पडे, म्हणून ते पुढच्या पायऱ्या उतरून थेट सभागृहातून निघाले, डब्याची पिशवी खांद्याला.

"थांब," कुंदा म्हणाली.

हे नाटकात नव्हतं. कापगते मधल्या वाटेवर थांबले. 

"डबा घेतला का?"

"घेतला," कापगते म्हणाले. दुसरं काय म्हणणार.

"अन् मफलर?"

"सापडला नाही."

तिने चौकटीजवळच्या खुर्चीमागून मफलर उचलला, पुढे आली आणि वाकून त्यांच्या हातात दिला. सभागृहात कोणी हसलं नाही. तिथल्या प्रत्येक बाईने ते वाक्य त्याच आठवड्यात कोणाला तरी म्हटलेलं होतं. कापगते मफलर गुंडाळत निघाले, आणि त्यांच्या मागोमाग नाईटवाले एकेक करून खुर्च्यांवरून उठले, आपापल्या पिशव्या घेऊन. त्यांची खरंच वेळ झाली होती. कुंदा चौकटीला धरून सभागृहाचं दार बंद होईपर्यंत पाहत राहिली. मग कोणीतरी पडदा ओढला. आभारप्रदर्शन वेळेवर झालं.

लोक खूप चांगलं म्हणाले. घरी येताना मीही म्हणालो. रिक्षात कुंदा पदराने गालावरचा रंग पुसत होती. शेवटी म्हणाली, "ते ठीक आहे. पण माझं म्हणायचं राहिलंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं इतकं होतं की समोरचं क्वार्टर दिसत नव्हतं. फाटक वाजलं. धुक्यातून कापगते आले, ड्यूटीवरून थेट, सायकल हातात, कानामागे कालचा रंग अजून तसाच.

"वहिनी, मी तर निंगून गेलो. मंग पुढं काय झालं?"

"पडदा पडला."

"अन् तुमचं ते लंबंवालं?"

"राहिलं."

कापगत्यांनी सायकल भिंतीला लावली आणि पायरीवर बसले. "मंग म्हना ना जी. रातभर क्रेनवर बसून मी तेच आयकून राहिलो होतो. अर्धं झालं की भोंगा वाजे."

कुंदाने त्यांना चहा आणून दिला आणि दारातच उभी राहिली. डोंगरे त्या वेळी फर्स्टला गेलेला होता. त्याची वाक्यं मी म्हटली, कागदात पाहून. आधी ती खालच्या आवाजात बोलत होती, शेजारी ऐकतील म्हणून. मग तसं राहिलं नाही. शेजारच्या बाईने शेगडी पेटवायला बाहेर आणली होती, ती हातातला पंखा तसाच धरून उभी राहिली. कापगत्यांनी भिंतीला डोकं टेकून डोळे मिटले होते. मला वाटलं, झोपले. रात्रभरचा जागलेला माणूस. कुंदाने ते पाहिलं आणि तरी ती थांबली नाही. सगळं म्हटलं, शेवटच्या शब्दापर्यंत, एकाही जागी घाई न करता.

 मग डोळे न उघडता कापगते आपलं वाक्य बोलले, नाटकातलं शेवटचं.

"अक्का, वाढ मला."

नाटकात यानंतर पडदा पडतो. कुंदा आत गेली आणि तिने तवा ठेवला.